प्रवेश, व्हिसा आणि नोकरीच्या अर्जाआधी आपले सोशल मीडिया अकाउंट कसे तपासावे

मे २०२५ मध्ये पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाविषयीची, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली पोस्ट आपल्या इन्स्टाग्राम अकाउंटवरून शेअर केली. दोन तासांच्या आत तिने ती काढून टाकली आणि माफीही मागितली. तरीही महाविद्यालयाने तिला काढून टाकले, पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटक केली आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत ती येरवडा कारागृहात होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची तत्काळ सुटका करण्याचा आदेश दिला, महाविद्यालयाच्या कारवाईला स्थगिती दिली, तिला परीक्षेला बसता येईल अशी तजवीज केली आणि चूक कळून माफी मागणाऱ्या मुलीला सुधारण्याची संधी देण्याऐवजी तिला गुन्हेगार ठरवल्याबद्दल शासनाला खडे बोल सुनावले.

असे काही घडले की ‘सोशल मीडियावर काही लिहूच नकोस’ असे मुलांना बजावणारे पालक पुष्कळ दिसतात. हा सल्ला मला अपुरा आणि काहीसा अन्यायकारकही वाटतो. विचार मांडणे, वाद घालणे, आपले लेखन, चित्रे, प्रकल्प लोकांपुढे ठेवणे हा शिक्षणाचाच भाग आहे आणि कित्येक विद्यार्थ्यांना पहिली इंटर्नशिप अशा लेखनामुळेच मिळते. शिवाय वरील प्रकरणात मुलीने स्वतः काही लिहिलेच नव्हते. तिने दुसऱ्याचे शब्द पुढे पाठवले होते. म्हणून गप्प बसण्यापेक्षा अधिक उपयोगी गोष्ट अशी, की आपण टाकलेला मजकूर कोण, केव्हा आणि कशासाठी वाचणार आहे हे आधी समजून घ्यावे आणि त्या दृष्टीने आपले अकाउंट शिस्तीने तपासावे. बारावीनंतरच्या सुट्टीत किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभी हे काम केले तर ते निवांतपणे होते. अर्जाची मुदत तोंडावर आली असताना केले तर घाईत नको त्या चुका होतात.

तुमचे अकाउंट कोण उघडून पाहते

सर्वांत काटेकोर वाचक म्हणजे अमेरिकेचा व्हिसा अधिकारी. महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी अमेरिकेला जातात, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो. व्हिसासाठी भरावयाच्या डीएस-१६० या अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेल्या प्रत्येक सोशल मीडिया अकाउंटचे नाव लिहावे लागते; ही अट २०१९ पासून आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यापुढचे पाऊल टाकले आणि एफ, एम व जे या वर्गांतील, म्हणजे विद्यार्थी आणि देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांनी आपली अकाउंट सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, अशी सूचना काढली. भारतातील अमेरिकी दूतावासानेही ती जाहीर केली आणि अकाउंटची माहिती लपवल्यास व्हिसा नाकारला जाऊ शकतो, इतकेच नव्हे तर पुढील व्हिसासाठीही अपात्र ठरवले जाऊ शकते, असे बजावले. डिसेंबर २०२५ पासून नोकरीसाठीच्या एच-१बी आणि अशा नोकरदाराच्या कुटुंबीयांसाठीच्या एच-४ व्हिसालाही हीच तपासणी लागू झाली, त्यामुळे शिक्षण संपवून तिथेच नोकरी करणाऱ्याचीही यातून सुटका नाही.

याचा अर्थ असा, की ‘माझे अकाउंट प्रायव्हेट आहे’ हा दिलासा या मार्गाने जाणाऱ्यांसाठी आता उरलेला नाही. आज केवळ दोनशे मित्रांना दिसणारी पोस्ट उद्या सूचनेनुसार अकाउंट खुले केल्यावर अधिकाऱ्यालाही दिसेल. दुसरे असे, की विद्यार्थी अर्जात इन्स्टाग्राम आणि लिंक्डइन आठवणीने लिहितात. पण यूट्यूबवर केवळ कमेंट करण्यासाठी वापरलेले नाव, रेडिटवरचे टोपणनाव किंवा चार वर्षांपूर्वी उघडून सोडून दिलेले एक्सचे (पूर्वीच्या ट्विटरचे) अकाउंट विसरतात. चार कठोर वाक्ये लिहिल्यापेक्षा अर्जातील माहिती अपुरी ठरणे अधिक महागात पडू शकते, कारण मताविषयी तुम्ही खुलासा करू शकता, पण खाली सही केलेल्या अर्जातील त्रुटीचा खुलासा करणे फार अवघड जाते.

विद्यापीठांचे वाचन वेगळ्या प्रकारचे असते. प्रत्येक अर्जदाराचे अकाउंट पाहण्याइतका वेळ कोणापाशी नसतो. परंतु कोणी स्क्रीनशॉट पाठवला तर तो बाजूला ठेवता येत नाही. २०१७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने किमान दहा विद्यार्थ्यांना दिलेला प्रवेश रद्द केला, कारण प्रवेश मिळालेल्या मुलांच्या एका खासगी फेसबुक ग्रुपमध्ये त्यांनी लैंगिक अत्याचार, वंश आणि वंशसंहार यांवर किळसवाणी मीम्स टाकली होती. ग्रुप खासगी होता, तरी आतल्या गोष्टी बाहेर आल्या. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या भारतीय विद्यार्थिनीला जुन्या इन्स्टाग्राम पोस्टवरून उठलेल्या वादळामुळे काही दिवसांतच राजीनामा द्यावा लागला. ते वादळ कितपत न्याय्य होते याविषयी मतभेद आहेत. पण निवडून येण्याआधी त्या पोस्टकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते आणि निवडून येताच त्या शोधल्या गेल्या, हा क्रम नीट ध्यानात घ्यावा. क्रिकेटप्रेमींना ऑली रॉबिन्सनचे प्रकरण आठवत असेल. जून २०२१ मध्ये लॉर्ड्सवर तो इंग्लंडसाठी पहिला कसोटी सामना खेळत असतानाच त्याची २०१२-१३ मधील वर्णद्वेषी आणि स्त्रियांना हीन लेखणारी ट्वीट बाहेर आली. त्याने जाहीर माफी मागितली, तरी पुढच्या सामन्याआधी त्याला निलंबित करण्यात आले. ती लिहिली तेव्हा तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता. जुनी पोस्ट बहुधा तुमच्या यशाच्या दिवशीच वर येते, कारण त्याच दिवशी लोक तुमचे नाव शोधतात.

कंपन्यांचे काय? कॅम्पस प्लेसमेंटमध्ये निवड झाल्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्या पदवी, पत्ता, आधीची नोकरी आणि न्यायालयीन नोंदी यांची पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात आणि काही ठिकाणी या पडताळणीत सोशल मीडियाचाही समावेश असतो. मात्र त्याआधीच, मुलाखत घेणारी व्यक्ती तुमचे नाव गूगलवर टाकून पाहते. तिथे ती तुमची राजकीय मते मोजत बसेल असे मला वाटत नाही. स्त्रियांविषयी, एखाद्या जातीविषयी किंवा धर्माविषयी तुम्ही कोणती भाषा वापरता, आधीच्या संस्थेबद्दल काय लिहिता आणि बायोडेटात लिहिलेले प्रोफाइलशी जुळते की नाही, यावर तिची नजर असते.

सरकारी नोकरीची गोष्ट निराळी आहे. पोलीस भरती असो वा एमपीएससी, निवडीनंतर चारित्र्य पडताळणी होते आणि त्यासाठी उमेदवाराने भरून द्यावयाच्या साक्षांकन नमुन्यात अटक, गुन्हा, खटला यांविषयी थेट प्रश्न असतात. येथे पोस्टपेक्षा पोस्टमुळे दाखल झालेला गुन्हा आडवा येतो. तरुणांना ज्याची कल्पना नसते असा एक प्रकार आपल्याकडे सर्रास घडतो: वाढदिवसाला तलवारीने केक कापून किंवा हातात कोयता घेऊन केलेले रील. पुण्या-नागपुरापासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोलीस अशा व्हिडिओवरून शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवतात. व्हिडिओ स्वतःच पुरावा असतो आणि तो टाकणाऱ्यानेच तो पुरवलेला असतो. रेल्वे रुळांवर किंवा लोकलच्या दारात लटकून केलेल्या रील्सवरून रेल्वे कायद्याखाली कारवाई होते. ज्या मुलाने दोन वर्षे पहाटे उठून भरतीची तयारी केली, त्याचे नाव अशा पंधरा सेकंदांच्या रीलमुळे अडकावे याचे मला मनापासून वाईट वाटते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा केंद्रीय कायदा जून २०२४ पासून लागू आहे आणि अनेक सत्रांत चालणाऱ्या परीक्षांचे प्रश्न सोशल मीडियावर चर्चेला घेऊ नयेत, असा इशारा केंद्रीय नोकरभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या स्टाफ सिलेक्शन कमिशनने २०२५ मध्ये दिलेला आहे. ‘आज सकाळच्या शिफ्टला हे आले’ अशी टेलिग्रामवरची पोस्ट मदत म्हणून टाकली तरी ती अंगाशी येऊ शकते.

तपासणीचा पहिला दिवस: केवळ यादी

पहिल्या दिवशी काहीही काढून टाकू नये. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये आजवर उघडलेल्या सर्व अकाउंटची यादी करावी: प्लॅटफॉर्म, वापरलेले नाव, कोणत्या ईमेलने किंवा मोबाइल क्रमांकाने उघडले, आता चालू आहे की नाही. आठवत नसेल तर आपल्या ईमेलमध्ये ‘वेलकम’ किंवा ‘व्हेरिफाय’ हे शब्द इंग्रजीत टाकून शोधावे. शाळेत असताना उघडलेली अकाउंट हमखास सापडतात. हीच यादी पुढे व्हिसाच्या अर्जाला कामी येते, म्हणून बंद केलेली अकाउंटही नावानिशी आणि बंद केल्याच्या तारखेसह लिहून ठेवावीत.

त्यानंतर ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, कोठेही लॉग-इन न करता, स्वतःचे पूर्ण नाव गूगलवर शोधावे. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. एकदा महाविद्यालयाचे नाव जोडून, एकदा गावाचे. आपली आडनावे आणि वडिलांचे नाव लावण्याची पद्धत पाहता एकाच नावाचे अनेक जण निघतात. त्यांपैकी एखाद्याविषयी वाईट बातमी असेल तर तीही टिपून ठेवावी, म्हणजे मुलाखतीत गरज पडल्यास ‘तो मी नव्हे’ हे आधीच सांगता येईल. छायाचित्रांचा विभाग आवर्जून पाहावा. आपले टोपणनाव किंवा हँडल स्वतंत्रपणे शोधावे, कारण एकच हँडल सगळीकडे वापरण्याची सवय असेल तर गंभीर लिंक्डइन प्रोफाइलवरून गेमिंग चॅटमधल्या शिव्यांपर्यंत पोहोचायला अनोळखी माणसाला दोन मिनिटे पुरतात.

तिसरे काम म्हणजे प्रत्येक प्लॅटफॉर्मवरून आपल्या माहितीची प्रत उतरवून घेणे. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, गूगल या सर्वांच्या सेटिंगमध्ये आपली माहिती डाउनलोड करण्याची सोय आहे. फाइल तयार व्हायला काही तासांपासून काही दिवस लागू शकतात, म्हणून ही मागणी आधी नोंदवून ठेवावी. ही प्रत दोन कारणांसाठी हवी: एकदा काढून टाकलेले परत मिळत नाही, आणि पुढे कोणी बनावट स्क्रीनशॉट पुढे केला तर आपण खरोखर काय लिहिले होते हे दाखवता आले पाहिजे.

काय काढावे आणि काय ठेवावे

छाननी करताना स्वतःला विचारायचा प्रश्न ‘ही पोस्ट मला अजून आवडते का’ हा नसावा. मला अजिबात न ओळखणारा, त्या दिवशीचा संदर्भ ठाऊक नसलेला आणि केवळ ही एकच पोस्ट वाचणारा माणूस माझ्याविषयी काय समजेल, हा प्रश्न हवा. शक्य असल्यास घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या मोठ्या माणसाला शेजारी बसवावे. मावशी, मामा, आवडते शिक्षक, कोणीही चालेल, फक्त ज्या ग्रुपमध्ये तो विनोद झाला त्या ग्रुपमधला मित्र नको.

विनाविलंब काढावे असे साहित्य पुढीलप्रमाणे: जात, धर्म, लिंग, अपंगत्व, रंग किंवा प्रांत यांवरून केलेली हेटाळणी, मग ती मीम म्हणून का असेना, कोणत्याही व्यक्तीला दिलेली धमकी किंवा शिवी, शस्त्रे, अमली पदार्थ किंवा धोकादायक वाहनचालन मिरवणारे रील, आणि दुसऱ्या कोणाचे, विशेषतः मुलींचे, त्यांच्या संमतीशिवाय टाकलेले फोटो. आरक्षणावरून होणाऱ्या वादात महाविद्यालयीन तरुण ज्या भाषेत लिहितात ती वाचून मी अनेकदा अस्वस्थ होतो. आरक्षणाच्या धोरणावर युक्तिवाद करणे हा तुमचा अधिकार आहे, पण अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला जातीवरून अपमानित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तो ऑनलाइन केला तरी गुन्हाच ठरतो असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे आणि या कायद्यात अटकपूर्व जामिनावर कडक निर्बंध आहेत. येथे करिअरचा विचार दुय्यम आहे. समोरच्या माणसाला त्या शब्दांनी जी जखम होते तीच ती पोस्ट काढण्याचे पहिले कारण असले पाहिजे.

आपली ओळखपत्रे, गुणपत्रिका, हॉल तिकीट, विमानाचे बोर्डिंग पास आणि नियुक्तिपत्र यांचे फोटोही काढावेत. त्यांवरील क्रमांकांचा दुरुपयोग होतो. इंटर्नशिप करणाऱ्यांनी ‘माझा ऑफिसमधला दिवस’ अशा व्हिडिओत मागच्या संगणकाच्या पडद्यावर काय दिसते आहे ते थांबवून पाहावे, कारण ग्राहकाची माहिती उघड करणे हा गोपनीयतेच्या कराराचा भंग ठरतो.

जे ठेवावे त्याविषयी मात्र ठाम राहावे. शासनाच्या धोरणावर टीका करणारा मुद्देसूद लेख, पाणीटंचाईवरचा फोटो-वृत्तान्त, मोर्चात सहभागी झाल्याची साधी नोंद, परीक्षेच्या गोंधळाविषयी विद्यापीठाला विचारलेला प्रश्न, हे घाबरून पुसून टाकण्याचे कारण नाही. भाषणस्वातंत्र्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिलेला अधिकार आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला आणि ती पोस्ट लाइक केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्या घटनेने व्यथित झालेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. ज्यांना शासकीय सेवेत जायचे आहे त्यांनी इतकेच लक्षात ठेवावे, की सेवेत रुजू झाल्यावर वर्तणूक नियम लागू होतात आणि महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराविषयी स्वतंत्र निर्णयही काढला आहे. विद्यार्थी असताना मांडलेले संयत मत आणि सेवेत असताना केलेली जाहीर टीका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना प्रश्न पडतो की राजकीय पोस्ट ठेवाव्यात की काढाव्यात. याचे एकच उत्तर सर्वांना लागू होणार नाही. हिंसेचे समर्थन वाटेल असे काही असेल तर ते केव्हाही काढावेच. बाकीच्या बाबतीत मुलाखतीच्या आठवड्यात संपूर्ण अकाउंट कोरे करणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण पाच वर्षांचे अकाउंट अचानक रिकामे दिसले तर तेही नजरेत भरते. छाननी अर्जाच्या पुष्कळ आधी, टप्प्याटप्प्याने करावी आणि मुलाखतीत विचारले तर खरे सांगावे.

काढण्याची तांत्रिक रीत सोपी आहे. फेसबुकवर अ‍ॅक्टिव्हिटी लॉगमधून तारखेनुसार जुन्या पोस्ट एकत्र निवडून काढता येतात आणि सर्व जुन्या पोस्ट एकाच वेळी ‘फक्त मित्रांना’ दिसतील अशाही करता येतात. इन्स्टाग्रामवर ‘युअर अ‍ॅक्टिव्हिटी’ या भागात आपण केलेल्या कमेंट, लाइक आणि टाकलेल्या पोस्ट एकत्र दिसतात. स्टोरी चोवीस तासांनी नाहीशी झाली तरी हायलाइट्समध्ये राहून गेलेली असू शकते. यूट्यूबवरील कमेंटचा इतिहास गूगलच्या ‘माय अ‍ॅक्टिव्हिटी’त सापडतो. अकाउंट कायमचे बंद करायचे असेल तर केवळ अ‍ॅप काढून उपयोग नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर विनंती केल्यानंतर ३० दिवस अकाउंट थांबवून ठेवले जाते आणि त्या काळात चुकून लॉग-इन केले तर सगळे पूर्ववत होऊ शकते. मूळ पान काढल्यानंतरही गूगलच्या शोधात जुना मजकूर दिसत असेल तर कालबाह्य मजकूर काढण्याच्या गूगलच्या अर्जातून तसे कळवावे.

काढून टाकणे म्हणजे नाहीसे होणे मात्र नव्हे. स्क्रीनशॉट राहतात, संग्रहस्थळांवर प्रती राहतात. कायद्याकडूनही येथे फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, पण व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. ब्लॉगवर मते मांडताना सोशल मीडियावर स्वतःची माहिती टाकणाऱ्या व्यक्तीचेच उदाहरण कायद्यात दिलेले आहे. २०१७ च्या खासगीपणाच्या ऐतिहासिक निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी, बालवयातील अजाणत्या चुकांचे परिणाम मुलांना आयुष्यभर भोगावे लागू नयेत, असे फार आपुलकीने लिहिले होते. तो विचार अजून आपल्या संस्थांच्या रोजच्या कारभारात उतरलेला नाही, म्हणून सावधगिरीचा भार तूर्त विद्यार्थ्यांवरच येतो.

फॉरवर्ड आणि ग्रुप

स्वतः लिहिताना माणूस थोडा तरी विचार करतो. फॉरवर्ड करताना करत नाही. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हा बचाव टिकत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका माजी आमदाराच्या प्रकरणात, मजकूर फॉरवर्ड करणाऱ्यालाही त्याची जबाबदारी घ्यावी लागते असे ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. केवळ लाइक करणे म्हणजे प्रसिद्ध करणे नव्हे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले असले तरी शेअर आणि रीपोस्ट यांना ती सवलत दिलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनला दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी सरसकट जबाबदार धरता येणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. तथापि अ‍ॅडमिनने त्याला साथ दिली असेल तर हे संरक्षण मिळत नाही. ‘सर्वांसाठी डिलीट’ करण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर सुमारे अडीच दिवसच असते, म्हणून चुकीचे गेलेले लगेच काढावे आणि ग्रुपवर दोन ओळींत दिलगिरीही लिहावी.

नव्या वर्षाच्या मुलांना ग्रुपमध्ये घेऊन रात्री-अपरात्री हजेरी मागणे, नाचाचे व्हिडिओ पाठवायला लावणे, न ऐकल्यास वाळीत टाकणे हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना गंमत वाटते. ते रॅगिंगच आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश देता येत नाही. ज्यांना असा त्रास होतो आहे त्यांनी चॅट जपून ठेवावे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर कळवावे.

दुसऱ्याने तुमच्या नावावर टाकलेले

टॅग केलेले फोटो आधी आपल्या मंजुरीसाठी यावेत अशी सेटिंग फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींवर आहे. ती आजच करावी. मित्राने टाकलेला फोटो काढायला सांगण्यात संकोच बाळगू नये. तुमच्या नावाने बनावट अकाउंट उघडले गेले असेल तर प्रथम त्याच्या पानाचे पत्त्यासह स्क्रीनशॉट घ्यावेत, मग प्लॅटफॉर्मकडे तक्रार करावी, त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६-क (ओळख चोरणे) आणि ६६-ड (तोतयेगिरीने फसवणूक) अशाच प्रकारांसाठी आहेत. खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी कोणी देत असेल तर पैसे देऊ नयेत, एकट्याने सहन करू नये आणि घरच्यांना सांगावे. यात दोष धमकी देणाऱ्याचा असतो, हे पालकांनीही मुलीला पहिल्याच वाक्यात सांगावे. बाकीचे प्रश्न नंतर.

प्रकरण अंगावर आले तर

पोस्टवरून लोक तुटून पडू लागले तर वाद घालू नये. मजकूर खरोखर चुकीचा असेल तर तो काढावा आणि ‘कोणी दुखावले असल्यास’ अशी पळवाट न ठेवता, काय चुकले हे स्पष्ट सांगून एकदाच दिलगिरी व्यक्त करावी. महाविद्यालयाने बोलावले तर आरोप काय आहे ते लेखी मागावे, उत्तरासाठी वेळ मागावा आणि उत्तर लेखीच द्यावे. बाजू मांडण्याची संधी न देता विद्यार्थ्याला काढून टाकणे नैसर्गिक न्यायाला धरून नसते.

पोलिसांची नोटीस आल्यावर मात्र मोबाइलमधले काहीही पुसू नये, कारण तसे करणे पुरावा नष्ट करण्यात मोडू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस असेल तर ठरल्या वेळी पालक आणि वकिलांना घेऊन हजर राहावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत साहाय्य मिळते. १५१०० या क्रमांकावरूनही मार्गदर्शन मिळते. फौजदारी खटला प्रलंबित असताना पासपोर्ट अडू शकतो आणि त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, म्हणून परदेशी जाणाऱ्यांनी वकिलांना हे पहिल्याच भेटीत सांगावे.

पुढे नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याविषयीचा प्रश्न आला तर निर्दोष सुटका झालेली असली तरी विचारलेली माहिती खरी लिहावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात ठरवून दिले आहे की किरकोळ स्वरूपाच्या गुन्ह्याबाबत, विशेषतः तो तरुणपणी घडलेला असेल तर, नियोक्ता सहानुभूतीने विचार करू शकतो, पण माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते. एफआयआरची प्रत, जामिनाचा आदेश आणि अंतिम निकालाची प्रमाणित प्रत एका फाइलमध्ये ठेवावी. खटला संपल्यावर निकालाच्या दोन-तीन प्रमाणित प्रती त्याच वेळी काढून घ्याव्यात, कारण पडताळणीसाठी त्या मागितल्या जातात तेव्हा हातात फार थोडे दिवस असतात.